फळ्यावरची ओळ आणि शालूताई

तुम्ही बोटही न हलवता, तुमच्याच चावीनं दार उघडून कुणी तुमच्या माणसाचा पाय मोडला, तर त्या पायाचा जाब कुणी द्यायचा? लगेच उत्तर देऊ नका. शालूताईनं दिलेलं उत्तर आधी ऐका.

शालूताई नागपूरजवळ वाडीला, अमरावती रोडवरच्या एका धर्मकाट्यावर बसायची. ट्रक काट्यावर चढला की वजन बघायचं, पावती लिहायची, पुढचा ट्रक घ्यायचा. उंची जेमतेम पाच फूट. आवाज असा की ट्रकवाले हॉर्न वाजवायचे थांबत. खांद्याला रेक्झिनची पिशवी, त्यात डबा, चष्मा, खडूची पेटी आणि पोतं ओढायचा लोखंडी आकडा. आकडा नवऱ्याचा. नवरा गोदामात हमाल होता. पोत्यांची थप्पी अंगावर कोसळून गेला. गोदामाच्या रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं, माणूस दारू पिऊन कामावर आला होता.

तिसऱ्या दिवशी शालूताई हमालांच्या नाक्यावर गेली. तिथे पत्र्याच्या शेडखाली एक जुना फळा होता. एरवी त्यावर भजनाची वेळ नाहीतर कुणाच्या तेराव्याची खबर असायची. तिनं खडूनं लिहिलं : "माझा नवरा दारू पीत नव्हता." दुपारपर्यंत कुणीतरी पुसलं. तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं. हे पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी ती शेडमागे दबा धरून बसली आणि पुसायला आलेल्या माणसाच्या पंजाशेजारी, बोटभर अंतरावर, तिनं आकडा फळ्यात रुतवला. फळ्याला पडलेलं ते भोक मी स्वतः पाहिलंय. अंगठा जाईल एवढं आहे.

"पुढच्या टायमाले अंतर ठेवनार नाई," ती त्याला म्हणाली.

त्या दिवसापासून नाक्यावर एक नियम झाला. फळ्यावर कुणीही लिहावं. ओळ कुणाचीही असो, ज्यानं लिहिली त्यानंच पुसायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. हा नियम कुठल्या कागदावर नव्हता, पण वाडीच्या गोदामांत सरकारी कायद्यापेक्षा तो जास्त पाळला जायचा. मुकादमाच्या नावानं शिव्या लिहिलेल्या असत आणि मुकादम त्या वाचत वाचत पुढे जाई.

एकदा त्याच मुकादमानं सुमनबाईला कानाखाली मारली. सुमनबाई म्हणजे गोदामात सांडलेलं धान्य झाडून गोळा करणारी बाई. शालूताई काटा सोडून गेली. काट्यावर एक ट्रक उभा, मागे आणखी सहा. तिनं मुकादमाच्या शर्टाच्या कॉलरमध्ये आकडा अडकवला आणि त्याला चार नंबरच्या गोदामापासून नाक्यापर्यंत ओढत आणलं. शर्ट फाटत होता, मुकादम मागच्या मागे धडपडत होता. वाटेतले हमाल पोतं पाठीवर तसंच ठेवून बघत उभे राहिले. फळ्यासमोर तिनं त्याच्या हातात खडू दिला.

"लिही."

"काय लिहू?"

"जे केलं ते लिही ना बे. कविता थोडी मांगून राहिली मी!"

त्यानं लिहिलं, "मी सुमनबाईला मारलं." खाली सही केली. आणि नियमाप्रमाणे ती ओळ त्यानंच पुसायची असल्यामुळे त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर येऊन पुसावी लागली. शालूताईला त्यातच जास्त मजा आली. पण माणूस असा अपमान गिळत नाही, साठवून ठेवतो. पुढे आम्ही सगळेच ते विसरलो.

मी या गोष्टीत आले ती नंतर. माझं बालपण चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलेलं. बाबा छापायचे, आई घडी घालायची, मी वाटायची. एका पत्रकासाठी नाक्यावर गेले आणि शालूताईच्या तावडीत सापडले. मी नागपुरात हुडकेश्वरला खोली घेऊन राहते, एका छोट्या कंपनीत वेबसाइट बनवते, हे कळल्यावर तिनं मला आपादमस्तक पाहिलं.

"मंग माह्या फळा मोबाइलवर टाकून दे ना वं पोरी."

तिचं कारण पक्कं होतं. खडू हातात घेणारा माणूस सगळ्यांना दिसतो. ज्यानं मार खाल्लाय तो त्याच नाक्यावर, त्याच मुकादमासमोर उभा राहून कसा लिहिणार? मोबाइलवरून लिहिलं तर ओळ सगळ्यांना दिसेल, नाव कुणाला दिसणार नाही. नाव आणि नंबर फक्त शालूताईच्या लॉगिनमध्ये राहील, कारण पुढे तक्रार न्यायची तर माणूस माहीत हवा. लोक विचारायचे, "बाई, नाव फुटनार तं नाई?" ती छातीवर हात आपटायची. "नाव माह्यापाशी राह्यते. माह्या मढ्यावरून न्यावं लागन."

मी वेबसाइट बांधली. लोकांना लिहिता यावं म्हणून तक्रारपेटीचं एक प्लगिन लावलं. प्लगिन म्हणजे दुसऱ्या कुणी बनवून ठेवलेला तयार भाग, आपल्या वेबसाइटला जोडायचा. वर्षभर सगळं छान चाललं. गोदामात पंखे आले. बायकांसाठी संडास झाला. काट्यावर बसून, दोन ट्रकच्या मधल्या वेळात शालूताई रोज सकाळी प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायची. ट्रकवाल्यांना सगळ्या वाडीची खबर पावतीसोबत मिळायची.

मग देवरावची ओळ गेली.

देवराव पन्नाशीतला हमाल. बोलायला लाजणारा. त्यानं मोबाइलवर लिहिलं : "गोदाम नंबर चार <--- इथं मुकादमानं मले पट्ट्यानं मारलं." मधला तो बाण त्यानं हौसेनं काढला होता, नातवाकडून शिकून. वेबसाइटवर ओळ उमटली ती एवढीच : "गोदाम नंबर चार". बाणापासून पुढचं सगळं गायब.

देवराव काट्यावर आला. शर्ट वर केला. पाठीवर पट्ट्याचे वळ, दोन जागी कातडी फुटलेली. म्हणाला, "बाई, तुह्या फळ्यानं बी माह्यी ओळ पुसली."

मी शालूताईला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. तिनं मला कंपनीतून बोलावून घेतलं. मी तपासलं. आदल्या आठवड्यात प्लगिनचं नवं अपडेट आलं होतं आणि मी ते लावलं होतं. बाणाचं ते टोकदार चिन्ह म्हणजे कोडची सुरुवात, असं समजून नवं प्लगिन तिथपासून पुढचं कापून टाकत होतं.

"काहून कापते?"

"ताई, सुरक्षेसाठी. कुणी तक्रारीच्या आत लपवून कोड पाठवला तर..."

"कोनाची सुरक्षा?"

"आपली. वेबसाइटची."

"मार खाल्ला देवरावनं अन् सुरक्षा आपली?" तिनं पावतीबुक टेबलावर असं आपटलं की स्टॅम्पपॅड खाली पडलं. "जुनं होतं ते लाव. माह्या फळ्यावर कोनाची ओळ कापल्या जानार नाई."

मी जुनं लावलं. देवरावची ओळ बाणासकट पुन्हा अख्खी दिसू लागली.

इथे मला माझ्याबद्दल एकच गोष्ट सांगायची आहे. बाणही दिसला असता, ओळही शाबूत राहिली असती आणि आत लपलेला कोडही चालला नसता, अशी सोय करता येत होती. लिहिलेलं जसंच्या तसं दाखवायचं, पण त्याला हुकूम म्हणून चालू द्यायचं नाही. अर्ध्या दिवसाचं काम होतं. मी पाच मिनिटांचं केलं. तिच्या तत्त्वाचा मला अभिमान वाटला होता, आणि अभिमानाच्या भरात मी आळस केला.

तीन आठवड्यांनी एक तक्रार आली. "सात नंबरच्या गोदामात प्यायचं पाणी नाही." शालूताईनं ती नेहमीसारखी काट्यावर उघडली, मोठ्यानं वाचली, "पाण्याचं बघते" असं उत्तर टाकलं आणि चहा घेतला. त्या ओळीखाली, पडद्यावर न दिसणाऱ्या आणखी बारा ओळी होत्या. त्या माणसासाठी नव्हत्या, तिच्या ब्राउझरसाठी होत्या. तिनं तक्रार उघडली त्या क्षणी त्या ओळी तिच्या नावानं, तिच्या अधिकारानं चालल्या. कुठली ओळ कुणाची, नावं आणि नंबरांसकट अख्खी यादी उचलून त्यांनी बाहेर पाठवली. तिचा चहा संपायच्या आत. आमच्या धंद्यात याला क्रॉस साइट स्क्रिप्टिंग म्हणतात. नाव ऐकून हे काहीतरी दूरचं, परदेशातलं वाटतं. वाडीला ते तिसऱ्या दिवशी टामी घेऊन आलं.

टामी म्हणजे ट्रकचं चाक खोलायची लोखंडी सळई. चार नंबरच्या मागे देवरावला चौघांनी पाडलं आणि गुडघ्याखाली दोन घाव घातले. हाड कातडीबाहेर आलं. त्याच दिवशी सुमनबाईचे केस धरून तिचं डोकं ट्रकच्या फाळक्यावर आपटलं. फाळका म्हणजे ट्रकची मागची, साखळीवर खाली पडणारी लोखंडी फळी. एका ड्रायव्हरचे समोरचे दात पाडले. मारताना त्या प्रत्येकाला त्याचीच ओळ म्हणून दाखवली. शब्द न शब्द. देवरावला म्हणाले, "इथं मुकादमानं मले पट्ट्यानं मारलं, नाई का बे? आता टामीनं मारलं असं लिही. बाण काढून लिही."

संध्याकाळी चाळीसएक हमाल काट्यावर आले. सगळ्यात पुढे देवरावचा धाकटा भाऊ नामदेव, हातात विटेचा तुकडा.

"बाईनं नावं इकली!"

"नाई इकली गा."

"मंग कोनाजवळ होते? तुह्या मढ्यावरून न्यावं लागन म्हने! जित्ती हाय ना तू अजून?"

वीट तिच्या भुवईवर लागली. रक्त डोळ्यात उतरलं. ती जागची हलली नाही, पदरानं पुसलंही नाही. आकडा पिशवीत होता. तिनं पिशवीत हात घातला नाही.

पोलीस ठाण्यात मी वेबसाइटच्या नोंदी छापून नेल्या. साहेबांनी शांतपणे वाचल्या आणि कागद आमच्याकडे फिरवला. "यादी तुमच्याच लॉगिननं उतरवलीय. तुमच्याच कॉम्प्युटरवरून. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. मग आम्ही पकडायचं कोणाला?"

शालूताई माझ्याकडे वळली. भुवईवर पट्टी, डोळा सुजून बंद झालेला.

"पोरी, मी उतरवली का?"

"नाही, ताई."

"मंग तसं लिहून काहून आलं?"

बाहेर येऊन मी तिला सगळं सांगितलं. बारा ओळी. जुनं प्लगिन. अर्धा दिवस आणि पाच मिनिटं. तिनं ऐकून घेतलं आणि रस्त्यावरच माझ्या थोबाडीत मारली. कानात शिटी वाजली.

"हे तुह्यी," ती म्हणाली. "माह्यी मी फळ्यासमोर घेते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नाक्यावर सगळ्यांना बोलावलं. चहाच्या टपरीवाल्याचा टीव्ही फळ्याशेजारी स्टुलावर ठेवला, त्याला माझा लॅपटॉप जोडला. वेबसाइटची एक नक्कल मी करून आणली होती, खोट्या नावांची. तिनं नामदेवला पुढे बोलावलं.

"वीट तूच मारली ना? ये. या मोबाइलवर काय लिहून हाय, वाच."

"चहा थंड हाय," नामदेवनं वाचलं.

"दाब बटन."

त्यानं दाबलं. शालूताईनं लॅपटॉपवर ती तक्रार उघडली आणि लगेच दोन्ही हात डोक्याच्या वर नेले. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. "हात पाहून घ्या माहे. सगळ्याइनं पाहा."

टीव्हीवर "चहा थंड हाय" अशी ओळ होती. त्याखाली, कुणी काही न टाइप करता, तिच्या नावानं एक नवी ओळ उमटली : "मी शालू. नावं मी दिली."

नामदेवनं मोबाइल उलटा करून पाहिला, जणू मागे कुणी लपलंय.

"म्हंजे तू नाई दिली," तो म्हणाला. "ताई, तू नाई दिली."

इथे ती थांबू शकली असती. तिच्यावरचा आळ गेला होता, चाळीस माणसांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मला वाटलं आता ती हात खाली घेईल आणि रडेल. तिनं हात खाली घेतले.

"दिली," ती म्हणाली. "दाराले कुलूप लागलं होतं, मी काढाले लावलं. हे पोरगी सांगून राहिली होती, मी आयकलं नाई. चोर तो मुकादम हाय, त्याले सोडनार नाई. पन देवरावच्या पायाचा जाब मले द्या लागते. तुमी नाई मांगला तरी."

म्हणून मी सुरुवातीला तुम्हाला थांबवलं. मी अजून तिशीचीही नाही, आणि माझ्या आयुष्यात सुटकेचा कागद हातात असताना गुन्हा कबूल करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. पत्रकांत नाही, सभेत नाही.

त्यानंतरचं मी गोड करून लिहिणार नाही. ती तिथून थेट चार नंबरच्या गोदामावर गेली, मागे सगळा नाका. मुकादम दारात होता. "काय बाई, तुमच्याच मशीननं दिले ना नावं?" म्हणून हसला. तिनं आकड्यानं त्याच्या ऑफिसची काच फोडली, मग दुसरी, मग टेबलावरचा कॉम्प्युटर. त्याच्या माणसांनी तिला धरून उभ्या ट्रककडे ओढलं. उजवा हात ट्रकच्या कडेवर दाबून धरला आणि खालून उचललेला फाळका त्यावर आपटला. मी दहा पावलांवर होते. ओली काठी मोडावी तसा आवाज आला. ती ओरडली नाही. ओरडले ते हमाल. पुढची दहा मिनिटं वाडीत जे झालं त्यासाठी दोन्ही बाजूंची माणसं कोठडीत आहेत, आणि मुकादम दवाखान्यातून थेट तिथेच गेला. आकडा तिनं काढायला नको होता, असं मला आज वाटतं. त्या दिवशी वाटलं नव्हतं. मी खोटं सांगणार नाही.

तिची दोन बोटं काढावी लागली. काट्याच्या मालकानं तिला कामावरून कमी केलं आणि ती नरखेडकडे भावाच्या गावी जायला निघाली. जायच्या दिवशी एसटी पकडण्याआधी ती नाक्यावर आली. मी तिला पाहिलं ते तेव्हाच शेवटचं.

देवराव कुबड्या मांडीवर आडव्या घेऊन उलट्या खोक्यावर बसला होता. शालूताईच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. तिनं डाव्या हातात खडू घेतला आणि आकड्याच्या त्या जुन्या भोकाशेजारी लिहायला लागली. पहिलीतलं लेकरू लिहितं तसं, जीभ दाताखाली धरून. कुणी मदतीला सरकलं की कोपरानं ढकलायची. दोनदा खडू तुटला. बराच वेळ गेला. एसटीची वेळ होत आली.

ओळ एवढीच होती : "देवरावचा पाय माझ्या फळ्यामुळे मोडला. शालू."

देवराव म्हणाला, "पुसून टाक ना वं बाई. मी नाई म्हनत तसं."

"मी म्हनते ना," ती म्हणाली. खडूची पेटी तिनं नामदेवच्या हातात दिली, रिकामी पिशवी खांद्याला लावली आणि रस्ता ओलांडून गेली.

ज्यानं लिहिली त्यानंच पुसायची. ती न पुसता गेली. ओळ अजून तिथेच आहे. खडू फिका पडला की नामदेव त्याच वाकड्या अक्षरांवरून पुन्हा गिरवतो. एकही अक्षर सरळ करत नाही.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. हे खाली ठेवलं की लगेच एक फोन करा. तुमच्या शाळेची, सोसायटीची, संघटनेची वेबसाइट जो कुणी सांभाळतो, त्याला. त्याला दोन गोष्टी विचारा. कुठलं प्लगिन जुनं ठेवलंय आणि का? आणि लोकांनी विश्वासानं दिलेली नावं आत पडली आहेत, त्यांतली किती खरोखर लागतात? लागत नाहीत ती आजच काढून टाकायला सांगा. लागतात त्यांच्या दाराला कुलूप लावायला सांगा. तो म्हणेल, "करतो पुढच्या आठवड्यात, अर्ध्या दिवसाचं काम आहे." तेव्हा फोन ठेवू नका. त्याला देवरावचा पाय सांगा.